नमुना परत पाठवणारी लॅब

मंडळी, मार्च २०२० आठवून पाहा. देशातल्या पहिल्या कोरोना मृत्यूची नोंद आपल्या कलबुर्गीची. ते वृद्ध गृहस्थ १० मार्चला गेले आणि त्यांना कोरोना होता हे १२ मार्चला जाहीर झालं. नमुना तपासायला बेंगळुरूला गेला होता. माणूस आधी गेला, रिपोर्ट मागून आला, ही गोष्ट त्या आठवड्यात बिदर-कलबुर्गीत घराघरांत बोलली गेली. पुढची दोन वर्षं आपण सगळेच रिपोर्ट वाचायला शिकलो. आरटी-पीसीआर, सीटी व्हॅल्यू हे शब्द आमच्या आजीच्या तोंडी बसले. खाजगी लॅबला ती तपासणी करायची तर एनएबीएलचं मानांकन हवं, अशी अट तेव्हा आयसीएमआरने घातली होती. बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदा तेव्हाच ऐकलं, आणि साथ ओसरल्यावर विसरूनही टाकलं.

माझ्या ते लक्षात राहिलं याला दोन कारणं आहेत. एक नोकरीचं. बी.ई. करून सॉफ्टवेअरमध्ये आलो त्याला आता बारा वर्षं झाली. त्यातली दोन वर्षं मी लॅबच्या संगणक प्रणालीवर काम केलं, म्हणजे नमुना दारात येण्यापासून रिपोर्ट बाहेर जाईपर्यंतचा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. दुसरं कारण घरचं आहे, ते पुढे सांगतो. विषय आहे जनुकांच्या तपासण्या आणि त्या करणाऱ्या लॅबवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा हा. नाव ऐकून रुक्ष वाटेल, पण लग्न झालेल्या आणि व्हायच्या असलेल्या आपल्या पिढीच्या अगदी घरातला आहे.

सोयरीक आणि हिशोब

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही नवलाची गोष्ट नाही. मामा-भाचीचं लग्नही कर्नाटकात होतं. नात्यातली लग्नं सर्वांत जास्त होणाऱ्या राज्यांत आपलं राज्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथलं साधारण चारातलं एक लग्न नात्यातलं निघतं. मी याविरुद्ध प्रचार करायला बसलेलो नाही. माझे आजी-आजोबा नात्यातलेच, आणि त्यांचा संसार पंचावन्न वर्षं उत्तम चालला. पण गणित माहीत असावं. सख्ख्या आते-मामे भावंडांत जनुकांचा आठवा हिस्सा सामाईक असतो, मामा-भाचीत चौथा. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. काही आजार असे असतात की एक प्रत बिघडलेली असली तरी माणूस ठणठणीत राहतो. त्याला वाहक म्हणतात. नवरा-बायको दोघंही एकाच आजाराचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के असते. एकाच पणजोबांकडून आलेला बिघाड दोघांकडे असण्याचा संभव नात्यातल्या लग्नात वाढतो, एवढंच.

नात्याबाहेर लग्न केलं म्हणून सुटका होते असंही नाही. थॅलेसेमियाचे वाहक आपल्या देशात शंभरात तीन-चार आहेत. दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकणारा आजार. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी भागात त्याचं प्रमाण मोठं आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. अभियान चांगलंच आहे. पण माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात लगेच दुसरा हिशोब सुरू होतो. सात कोटी तपासण्यांत शंभरातली एक चुकली तरी सात लाख लोकांच्या हातात चुकीचा कागद पडतो.

आणि हा कागद साखरेच्या रिपोर्टसारखा नसतो. साखर चुकीची आली तर पुढच्या महिन्यात पुन्हा पाहता येते. जनुकाची तपासणी माणूस आयुष्यात बहुधा एकदाच करतो आणि त्यावर लग्न, गरोदरपण, कधी गर्भ ठेवायचा की नाही इतके मोठे निर्णय घेतो. शिवाय तो कागद एकट्याचा नसतो. भाऊ, बहीण, चुलत, मावस सगळ्यांना तो लागू पडतो.

आमच्या घरची गोष्ट

माझ्या चुलतभावाचं लग्न माझ्या सख्ख्या आत्याच्या मुलीशी झालं. म्हणजे वहिनीही घरचीच. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा नवव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांचं हिमोग्लोबिन सविस्तर तपासून घेतलं. यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून त्यांचं प्रमाण काढतात. त्यातल्या ए-टू या प्रकाराचं प्रमाण साधारण साडेतीन टक्क्यांच्या खाली असलं तर नॉर्मल, चारच्या वर गेलं तर थॅलेसेमियाचा वाहक, आणि मधली पट्टी संशयाची. भाऊ ५.२ आला, म्हणजे वाहक. वहिनी ३.४. खाली छापलं होतं : नॉर्मल. घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. एकच वाहक आहे म्हटल्यावर बाळाला आजार होणार नाही.

डॉक्टरीणबाईंचं मात्र समाधान झालं नाही. वहिनीच्या लाल पेशी फार लहान होत्या आणि अंगात लोह कमी होतं. लोह कमी असलं की ए-टूचा आकडा खाली ओढला जातो आणि वाहक माणूस नॉर्मल दिसू शकतो. आकडा बरोबर होता, मशीन बरोबर होतं. ‘लोह पाहून मग अर्थ लावा’ ही एक ओळ रिपोर्टमध्ये नव्हती. बाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही दोघं नात्यातले आहात, थेट जनुक तपासून घ्या.’’

मग गावाजवळच्या एका कलेक्शन सेंटरमध्ये दोघांचं रक्त घेतलं आणि हैदराबादला गेलं. चौथ्या दिवशी निरोप आला : नमुने नाकारले आहेत, पुन्हा पाठवा. घरात भडका उडाला. काका म्हणाले, ‘‘पैसे घेतले, रक्त घेतलं, आता परत कशाला? लुटायचे धंदे आहेत.’’ दहावा आठवडा चालू होता, एकेक दिवस मोलाचा होता, त्यामुळे काकांचा राग अगदीच गैर नव्हता. मी लॅबला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की दोन्ही नळ्यांवर नावाचं एकच आद्याक्षर आणि एकच आडनाव आहे. वय नाही, नोंदणी क्रमांक नाही. सोबतचे फॉर्म बरोबर आहेत, पण कुठली नळी कोणाची हे आम्ही ठरवू शकत नाही, आणि अंदाज करणार नाही.

मला त्या क्षणी त्या लॅबबद्दल खात्री वाटली. सेंटरवाल्याने आळस केला होता, आणि लॅबलाही ‘जाऊ द्या, एक पुरुष एक बाई, शोधून काढू’ असं करता आलं असतं. त्यांनी तो सोपा रस्ता घेतला नाही. नवरा-बायकोचं आडनाव एकच असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. म्हणूनच प्रत्येक नळीवर किमान दोन स्वतंत्र ओळखी हव्यात, असा चांगल्या लॅबचा नियम असतो आणि त्यात बसत नाही तो नमुना परत जातो. किती नमुने नाकारले आणि कशामुळे, याची त्या नोंदही ठेवतात. माझ्या मते लॅब निवडताना विचारण्यासारखा सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे : तुम्ही नमुने कधी परत पाठवता?

नमुना आपल्या भागातून दूर जातो, म्हणून हे आपल्याला जास्त लागू आहे. बिदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत, पण बेंगळुरू सहाशे-सातशे किलोमीटर आणि मुंबईही लांबच. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पार जातो आणि नळी कुरिअरवाल्याच्या पेटीत बसची वाट बघत पडलेली असते. जनुकाच्या तपासणीला जांभळ्या झाकणाची नळी लागते. गुणसूत्रांचं चित्र काढायचं असेल तर हिरव्या झाकणाची, कारण त्यात पेशी जिवंत पोहोचाव्या लागतात. त्या गोठल्या किंवा उशिरा पोहोचल्या की संपलं. नळ्या उलटसुलट झाल्या तर हिरव्या नळीतलं औषध पीसीआरलाच अडवतं. म्हणजे हैदराबादच्या वातानुकूलित लॅबमध्ये कोट्यवधींचं यंत्र असेल, पण तपासणीचा दर्जा भालकी-औरादच्या त्या छोट्या खोलीत, नळीवर चिठ्ठी चिकटवणाऱ्या मुलाच्या हातात सुरू होतो.

दुसऱ्यांदा नमुने नीट गेले. वहिनीही वाहक निघाली, आणि दोघांतला बिघाड अगदी एकच होता. पणजोबांची देणगी. मग बाराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा अंश काढून गर्भाची तपासणी झाली. इथे अजून एक गोष्ट कळली. वारेसोबत आईच्या पेशी आल्या तर काय होतं पाहा. समजा, गर्भाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. आईची एक प्रत चांगली आहे. आईच्या पेशी मिसळल्या की नमुन्यात ती चांगली प्रतही दिसते आणि रिपोर्ट येतो : गर्भ नुसता वाहक आहे, काळजी नको. नवरा-बायकोत एकच बिघाड असला तर ही फसगत सहज होऊ शकते. म्हणून चांगली लॅब गर्भाच्या नमुन्यासोबत आईचंही रक्त मागते, दोन्हींच्या जनुकीय खुणा शेजारी ठेवून भेसळ नाही ना हे आधी बघते, आणि रिपोर्टमध्ये तसं लिहिते. आमच्या रिपोर्टमध्ये ती ओळ होती. गर्भ वाहक होता, आजारी नव्हता. बाळ आता अंगणवाडीत जातं आणि पुरता गोंधळ घालतं.

भेंडे, देशपांडे, भाटिया

एकाच तपासणीवर विसंबू नये, हा धडा आपल्या मुंबईने जगाला फार पूर्वी दिला आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची माहिती दिली. तोच पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून प्रसिद्ध झाला. या लोकांच्या लाल पेशींवर ए नसतो, बी नसतो, आणि ओ गटाच्या लोकांत असतो तो एच हा पायाही नसतो. कारण जनुकात आहे : त्या पायासाठी लागणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो आणि नात्यातल्या लग्नांच्या घरात तो सापडण्याचा संभव जास्त.

आता नेहमीची घाईची तपासणी पाहा. पेशींवर ए-विरोधी थेंब टाकला, गुठळी नाही. बी-विरोधी टाकला, गुठळी नाही. लिहा ‘ओ’. झालं! प्रत्यक्षात त्या माणसाला ओ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेतेल, कारण त्याचं शरीर एचलाच परकं मानतं. चूक पकडायची रीत साधी आहे : उलट बाजूने तपासा. त्याच माणसाचा रक्तद्रव घ्या आणि त्यात माहीत असलेल्या ओ गटाच्या पेशी टाका. गुठळी झाली तर काहीतरी वेगळं आहे. पाच मिनिटांचं काम. जी लॅब रोज, प्रत्येक नमुन्याला, कंटाळा न करता हे करते तिलाच बॉम्बे गट सापडतो. बाकीच्यांना तो जन्मात दिसत नाही आणि आपल्याकडे असली भानगड नसते असं वाटत राहतं. १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झालं, तेच आज आयसीएमआरचं राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थान आहे, परळला केईएमच्या आवारात. थॅलेसेमिया-सिकलसेलवर देशात झालेल्या कामात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

मानांकन म्हणजे नेमकं काय

१९४७ साली अमेरिकेत बेल्क आणि संडरमन या दोघांनी एक सरळ प्रयोग प्रसिद्ध केला. एकच द्रव अनेक इस्पितळांच्या लॅबना पाठवला आणि उत्तरं मागवली. उत्तरं इतकी वेगवेगळी आली की सगळ्यांना घाम फुटला. तिथून बाहेरच्याने घेतलेली परीक्षा ही कल्पना रुजली. उत्तर माहीत असलेले नमुने वर्षातून काही वेळा लॅबना पाठवायचे आणि गुण द्यायचे. जनुकांच्या लॅबनाही यातून जावं लागलं. १९९६ साली युरोपात सिस्टिक फायब्रोसिस या आजारासाठी १३६ लॅबना डीएनएचे सहा नमुने पाठवले होते. साधारण एक तृतीयांश लॅब कुठे ना कुठे चुकल्या. या लॅब नामांकित होत्या. चुकीची कारणंही आपल्या ओळखीची : काही तांत्रिक, काही निव्वळ कारकुनी. अशा परीक्षा वर्षानुवर्षं घेतल्या म्हणूनच चुका दिसल्या आणि दुरुस्त करता आल्या. आपल्याकडे वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज रक्तरसायनांसाठी अशी देशव्यापी परीक्षा घेतं आणि दिल्लीचं एम्स रक्तविज्ञानासाठी. जनुकांसाठी पुष्कळ लॅब युरोप-अमेरिकेतल्या परीक्षांनाही बसतात.

एनएबीएल हे भारतीय गुणवत्ता परिषदेचं मंडळ. वैद्यकीय लॅबसाठी ते आयएसओ १५१८९ हे आंतरराष्ट्रीय मानक लावतं. तपासनीस प्रत्यक्ष येतात, कागद पाहतात, माणसांना काम करून दाखवायला लावतात, जुना एखादा रिपोर्ट काढून ‘याची नळी कधी आली, कोणी उघडली, त्या दिवशी यंत्र बरोबर होतं याचा पुरावा काय’ असा माग काढतात. बाहेरच्या परीक्षेतले गुण बघतात. नापास झालात तर काय केलंत, हे जास्त बारकाईने बघतात.

इथे दोन गोष्टींत लोकांची फसगत होते. पहिली, ‘आयएसओ प्रमाणित’ अशी पाटी. आयएसओची मानकं हजारांनी आहेत. ९००१ हे साधारण व्यवस्थापनाचं मानक. ते बिस्किटाच्या कारखान्यालाही मिळतं. लॅबच्या तपासणीची तांत्रिक क्षमता पाहणारं मानक १५१८९ आहे. दुसरी फसगत जास्त महत्त्वाची. मानांकन आख्ख्या लॅबला सरसकट नसतं, एकेका तपासणीला असतं. एनएबीएलच्या कागदात त्याची यादी असते, तिला स्कोप म्हणतात. एखाद्या लॅबला साखर, थायरॉइड, लिपिड सगळ्याचं मानांकन असेल आणि थॅलेसेमियाच्या जनुकाचं नसेल, तर तुमच्या कामापुरतं ते मानांकन नाही. पाटीवर मात्र चिन्ह झळकतंच. ही यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. दहा मिनिटं लागतात. मोबाइल घेताना आपण यापेक्षा जास्त वेळ रिव्ह्यू वाचतो.

मानांकन आपल्या देशात ऐच्छिक आहे, हेही ठाऊक असू द्या. ‘आमच्याकडे सरकारी नोंदणी आहे’ असं लॅब सांगते तेव्हा ती बहुधा दुसऱ्याच कायद्याबद्दल बोलत असते. कर्नाटकात खाजगी वैद्यकीय संस्थांची नोंदणी २००७ च्या कायद्याखाली होते. गर्भाच्या तपासण्या करणाऱ्या जनुकीय लॅबना १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. तसा पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला होता. दोन्ही कायदे हवेतच. पण गर्भलिंग निदानाचा कायदा मुलींना वाचवण्यासाठी आहे, तपासणीचं उत्तर बरोबर आहे का हे तो पाहत नाही. आमच्या वेळी आत्याने रिपोर्ट हातात घेऊन पहिलं काय विचारलं असेल? ‘‘मुलगा का मुलगी ते कुठं लिवलंय?’’ ते लिहिलेलं नव्हतं, आणि लिहायचं नसतंच.

दुसऱ्या बाजूने, मानांकन नाही म्हणजे लॅब वाईट, असंही मी म्हणणार नाही. काही सरकारी आणि संशोधन संस्थांतली माणसं या विषयातली देशातली उत्तम माणसं आहेत. अशा ठिकाणी मानांकनाचा कागद नसला तरी विचारता येतं : ही तपासणी तुम्ही वर्षाला किती वेळा करता, आणि बाहेरच्या कुठल्या परीक्षेला बसता? चांगल्या जागी या प्रश्नाचा राग येत नाही.

सहा की सात

आता माझ्या धंद्याचं थोडं. अलीकडे एकाच वेळी हजारो जनुकं वाचणाऱ्या तपासण्या आल्या आहेत आणि त्यात अर्धं काम सॉफ्टवेअर करतं. यंत्रातून कोट्यवधी तुकडे बाहेर पडतात, संगणक ते एका संदर्भ जीनोमवर जुळवतो आणि फरक शोधतो. संदर्भ जीनोमच्या आवृत्त्या असतात. एका आवृत्तीत बिघाडाचा पत्ता एक, दुसऱ्या आवृत्तीत त्याच बिघाडाचा पत्ता दुसरा. रिपोर्टवर आवृत्ती लिहिली नसेल तर पुढचा माणूस चुकीच्या घराची कडी वाजवणार.

सिकलसेलचंच घ्या. जुन्या पुस्तकांत बिघाड सहाव्या जागी लिहिलेला असतो, नव्या पद्धतीत सातव्या. बिघाड एकच. जुन्या मोजणीत प्रथिनाचा सुरुवातीचा, नंतर गळून पडणारा दुवा धरत नसत, आता धरतात. मोजणी शून्यापासून की एकापासून, यावर रात्री जागवणारे आम्ही सॉफ्टवेअरवाले हे वाचून मनापासून हसलो होतो. पण नवऱ्याच्या रिपोर्टवर सहा आणि बायकोच्या रिपोर्टवर सात पाहून ‘दोघांचे आजार वेगळे’ असं कोणी समजलं, तर तो हसण्याचा विषय उरत नाही. म्हणून नावं लिहिण्याची ठरलेली पद्धत पाळणं, आणि सॉफ्टवेअर बदललं की माहीत असलेल्या जुन्या नमुन्यांवर ते पुन्हा चालवून पाहणं, हाही दर्जाचाच भाग. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड सोडायचा नाही असा अलिखित नियम आहे. लॅबमध्ये तो लिखित असायला हवा.

आणि एक : चांगला रिपोर्ट कधीकधी ‘कळत नाही’ म्हणतो. २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांपासून जनुकातल्या बदलांचे पाच वर्ग करतात. एका टोकाला नक्की घातक, दुसऱ्या टोकाला नक्की निरुपद्रवी, मधला वर्ग अनिश्चित. आपल्या लोकांच्या रिपोर्टमध्ये हा मधला वर्ग जास्त येतो, कारण जगातल्या संग्रहांत युरोपीय लोकांचीच जनुकं जास्त आहेत. आपल्याकडे सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदलही तिथे कधी दिसलेला नसतो, म्हणून संशयित ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पातल्या सुमारे दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती संशोधकांसाठी खुली झाली. यातून हळूहळू फरक पडेल. तोवर ‘अनिश्चित’ आलं तर त्यावर सोयरीक मोडू नका आणि गरोदरपणाचा निर्णयही घेऊ नका. जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. आपल्या भागातून जाण्यासारख्या जागा आहेत : हैदराबादला निझाम्स इन्स्टिट्यूटचा वैद्यकीय जनुकशास्त्र विभाग आणि सीडीएफडी, बेंगळुरूला सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स, मुंबईला वर सांगितलेली परळची संस्था.

तपासणीला जाताना गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते फॉर्मवर जरूर लिहा. दुसऱ्याचं रक्त अंगात असलं की हिमोग्लोबिनची तपासणी तुमची राहत नाही. नळीवरची चिठ्ठी तुमच्यासमोर लिहायला लावा आणि वाचून बघा. संकोच करू नका. आमच्या वहिनीने आता हे काम अंगावरच घेतलंय; घरातलं कोणीही रक्त द्यायला निघालं की ती सोबत जाते आणि सेंटरवाल्याला म्हणते, ‘‘दादा, पूर्ण नाव टाका, वय टाका.’’

रिपोर्ट मात्र फेकायचा नाही. आकड्यापेक्षा त्यात लिहिलेलं बिघाडाचं नेमकं नाव मोलाचं आहे. ते हाताशी असलं की घरातल्या पुढच्या माणसाला सगळं जनुक वाचत बसावं लागत नाही, तेवढी एक जागा पाहिली की भागतं. वेळ वाचतो, पैसेही. आमच्या घरी आत्तापर्यंत अकरा जणांनी तशी तपासणी केली, चार वाहक निघाले, त्यातल्या एकाचं लग्न या मार्चमध्ये आहे आणि मुलीकडच्यांनी आनंदाने तिचीही तपासणी करून घेतली. मूळ रिपोर्ट काकांनी जमिनीच्या पहाणीच्या कागदांसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे, आणि त्याची एक प्रत माझ्याकडे आहे.